मराठी क्रीडा विभागांना खुले पत्र: सेंट लुईस ब्लूजच्या २०१९च्या करंडकाला चमत्कार म्हणू नका

मराठी वृत्तपत्रांच्या आणि संकेतस्थळांच्या क्रीडा विभागांतील संपादक, उपसंपादक व वार्ताहर यांना,

सप्रेम नमस्कार.

१३ जून २०१९ला आपल्याकडे सकाळचे सव्वाआठ वाजण्याच्या सुमारास बोस्टनमध्ये सेंट लुईस ब्लूज या अमेरिकी आइस हॉकी संघाने स्टॅनले कप, म्हणजे नॅशनल हॉकी लीगचा विजेतेपदाचा करंडक जिंकला. तिथे अजून १२ तारखेची रात्रच होती. त्याच दिवशी नॉटिंगहॅमला भारत-न्यूझीलंड हा विश्वचषकाचा सामना एकही चेंडू न पडता पावसात गेला. त्या दिवशी आपली पाने क्रिकेटने भरलेली असणार हे उघड आहे आणि जागेबद्दल आमची काहीच तक्रार नाही. हे पत्र एका वाक्याबद्दल आहे. ब्लूजचा विषय निघाला की ‘जानेवारीत तळाला असलेला संघ जूनमध्ये चमत्काराने विजेता’ एवढ्यावर मजकूर संपतो. चमत्कार म्हटले की पुढे ‘कसे काय?’ हे विचारायची गरजच उरत नाही. आणि या मोसमात सगळी गंमत त्या ‘कसे काय’मध्येच आहे.

सुरुवात तळाच्या जागेपासून करू. ३ जानेवारी २०१९च्या सकाळी नॅशनल हॉकी लीगच्या ३१ संघांत ब्लूज ३१वे होते. नोंद होती १५-१८-४, गुण ३४. यातला तिसरा आकडा मराठीत येताना हमखास घसरतो. कधी तो गळतो, कधी ‘४ बरोबरी’ असा छापला जातो. या लीगमध्ये २००५-०६च्या मोसमापासून बरोबरी हा प्रकारच नाही. साठ मिनिटांत निकाल लागला नाही तर पाच मिनिटांचा जादा वेळ, तोही दोन्हीकडे गोलरक्षक सोडून तीन-तीन खेळाडू ठेवून, आणि तरीही निकाल लागला नाही तर शूटआउट. जिंकणाऱ्याला २ गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरणाऱ्याला १, नियमित वेळेत हरणाऱ्याला शून्य. म्हणजे तिसरा आकडा आहे जादा वेळेतल्या पराभवांचा. पंधरा दुणे तीस अधिक चार, असे ३४.

आता त्याच्या शेजारचा रकाना पाहा. ब्लूजचे तोवर फक्त ३७ सामने झाले होते. बऱ्याच संघांचे त्याहून दोन-तीन जास्त. ८२ सामन्यांच्या मोसमातले ४५ सामने, म्हणजे अर्ध्याहून जास्त, अजून हातात होते. ‘तळाला’ हा शब्द खोटा नाही, पण आयपीएलच्या शेवटच्या आठवड्यातला तळ आणि हा तळ यांत फरक आहे. उरलेल्या ४५ सामन्यांत ब्लूजने ३० जिंकले, १० नियमित वेळेत हरले, ५ जादा वेळेत: ६५ गुण. एकूण ४५-२८-९, गुण ९९, सेंट्रल विभागात तिसरा क्रमांक. विनिपेग जेट्सचेही ९९च गुण होते आणि विभागात पहिल्या आलेल्या नॅशव्हिलचे १००. ज्याला शेपूट म्हणत होते तो संघ मोसम संपताना विभागाच्या माथ्यापासून एका गुणावर होता. बाद फेरी सुरू होताना ब्लूज दुबळे नव्हतेच. बातमीत जानेवारीनंतर थेट जून आला की हे एप्रिलचे कोष्टक वाचकाला दिसतच नाही.

मग बदलले काय? पहिला बदल जानेवारीच्या आधीचा आहे. १९ नोव्हेंबर २०१८ला संघ ७-९-३ असा असताना प्रशिक्षक माइक यो यांना काढले आणि क्रेग बरूबी हंगामी प्रशिक्षक झाले. आडनाव ‘बेरुबे’ असे छापू नये, तिथे ते बरूबी असेच उच्चारतात. प्रशिक्षक बदलला आणि दुसऱ्या दिवसापासून संघ जिंकू लागला, असे घडलेले नाही. बरूबी आल्यानंतरही सहा आठवड्यांनी संघ तळालाच होता. डिसेंबरात तर सरावातच रॉबर्ट बोर्टुझो आणि झॅक सॅनफर्ड या दोन सहकाऱ्यांत हाणामारी झाली होती. नवी पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागतो, तेवढा तो लागला.

ती पद्धत शब्दांत सोपी आहे. प्रतिस्पर्ध्याच्या निळ्या रेषेवर, म्हणजे त्याचा भाग जिथे सुरू होतो तिथे, कसरती करून पक (खेळातली रबरी चकती) गमवायचा नाही. तो खोल कोपऱ्यात टाकायचा आणि तिथे जाऊन परत मिळवायचा. याला फोरचेक म्हणतात. तीन आघाडीपटूंची कामे वाटलेली असतात. पहिला पकवाल्या बचावपटूवर जातो, पण सरळ नव्हे; थोडा आतल्या बाजूने, म्हणजे त्याला मैदानाच्या कडेच्या फळीकडेच वळावे लागते. दुसरा त्या फळीवरून निघणारा पास अडवतो. तिसरा उंचावर, दोन वर्तुळांच्या मधोमध थांबतो. बिघडते ते या तिसऱ्यामुळे. त्याला मोह झाला आणि तोही कोपऱ्यात घुसला, की एका लांब पासवर प्रतिस्पर्ध्याचे तिघे ब्लूजच्या दोन बचावपटूंवर चालून येतात. ही चूक प्रेक्षकाला दिसतच नाही, कारण त्याचे लक्ष कोपऱ्यातल्या झटापटीवर असते. आणि गोल झाला की शिव्या गोलरक्षकाला पडतात. ही पद्धत पेलायला जड, लांब हाताचे खेळाडू लागतात आणि ब्लूजकडे ते होते. कोल्टन पराइको ६ फूट ६ इंच, जे बोमीस्टर ६ फूट ४ इंच. याच जोडीला बरूबी प्रतिस्पर्ध्याच्या आघाडीपटूंच्या सर्वांत चांगल्या फळीसमोर उतरवत.

दुसरा बदल गोलजाळ्यातला. जॉर्डन बिनिंग्टन २०११च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तिसऱ्या फेरीत, ८८व्या क्रमांकावर घेतलेला गोलरक्षक. सात वर्षे तो बहुतेक काळ खालच्या लीगमध्येच होता. २०१७-१८मध्ये ब्लूजकडे दुय्यम लीगचा पूर्णपणे स्वतःचा संघ नव्हता, म्हणून त्याला प्रॉव्हिडन्स ब्रुइन्सकडे उसना दिला होता. प्रॉव्हिडन्स हा बोस्टनचा दुय्यम संघ. म्हणजे ज्या संस्थेने त्याला एक मोसम खेळायला जागा दिली, तिच्याच मोठ्या संघाला पुढच्या वर्षी त्याने अंतिम फेरीत हरवले. ७ जानेवारी २०१९ला फिलाडेल्फियात तो लीगमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून उभा राहिला. २५ फटके अडवले, निकाल ३-०. मोसमाअखेर त्याची नोंद २४-५-१ होती, दर साठ मिनिटांमागे १.८९ गोल आणि अडवलेल्या फटक्यांचे प्रमाण ९२.७ टक्के.

हा शेवटचा आकडा अमेरिकी कोष्टकांत ‘.९२७’ असा येतो आणि आपल्याकडे तो कधी ‘९२७ गुण’ होऊन बसतो. कृपया तो टक्क्यांतच लिहावा, कारण टक्क्यांत त्याचा अर्थ लगेच उघडतो. एका सामन्यात जाळ्यावर ३० फटके येतात असे धरा. ९० टक्के अडवणारा गोलरक्षक ३ गोल खातो. ९२.७ टक्के अडवणारा खातो २.१९. फरक सामन्यामागे ०.८ गोलांचा, ऐकायला किरकोळ. पण बिनिंग्टनच्या ३० निकाली सामन्यांवर हाच फरक पसरला की सुमारे २४ गोल होतात, आणि या खेळात एका गोलाने सुटणारे सामने ढिगाने असतात. २३ जानेवारी ते १९ फेब्रुवारी या काळात ब्लूजने सलग ११ सामने जिंकले, संघाच्या तोवरच्या इतिहासातली ही सर्वांत लांब मालिका. ती याच हिशेबातून उभी राहिली: पुढे फोरचेकमुळे पक जास्त वेळ प्रतिस्पर्ध्याच्या भागात, आणि मागे उरलेसुरले फटके अडवणारा माणूस.

तिसरा हात उन्हाळ्यातल्या खरेदीचा, आणि मराठीत त्याचा उल्लेख जवळजवळ नसतोच. १ जुलै २०१८ला सरव्यवस्थापक डग आर्मस्ट्राँग यांनी बफेलोकडून रायन ओरायलीला घेतले. बदल्यात तीन खेळाडू आणि भविष्यातल्या ड्राफ्टमधल्या दोन निवडी दिल्या. त्याच उन्हाळ्यात टायलर बोझॅक आणि डेव्हिड पेरॉन आले, आणि सेंट लुईसचाच पॅट मरून एका वर्षाच्या करारावर आला. ओरायली बाद फेरीत २३ गुण (खेळाडूचे गुण म्हणजे त्याचे गोल अधिक गोलसाहाय्य) मिळवून सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी घेऊन गेला. अंतिम फेरीत चौथ्या सामन्यापासून सातव्यापर्यंत प्रत्येक सामन्यात त्याचा गोल आहे. जानेवारीत तळाला असलेला संघ कागदावर मुळात भक्कमच होता. तो तळाला गेला हे जास्त नवल.

बाद फेरीबद्दल एक खुलासा सुरुवातीलाच छापत जा. हा शब्द वाचून आपल्या वाचकाला वाटते, हरलो की घरी. इथे प्रत्येक फेरी सातपैकी चार सामन्यांची असते. चार फेऱ्या, म्हणजे १६ विजय लागतात. ब्लूजला त्यासाठी २६ सामने खेळावे लागले. साखळीचे ८२ धरून १०८, ऑक्टोबर ते जून. त्या २६ सामन्यांतली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते: दुसऱ्यांच्या मैदानांवर ब्लूज १० जिंकले आणि ३ हरले, घरी ६ जिंकले आणि ७ हरले. ‘घरच्या प्रेक्षकांच्या बळावर’ हे तयार वाक्य इथे साफ चुकते. आणि पराभवानंतरच्या सामन्यांत त्यांची नोंद ८-२. एकदा मार खाल्ला की पुढच्या सामन्यात हा संघ बहुतेक वेळा सावरून उभा राहिला.

पहिल्या फेरीत विनिपेगविरुद्ध पाचव्या सामन्यात ०-२ मागे पडूनही ३-२. निर्णायक गोल जेडन श्वार्ट्झचा, १५ सेकंद उरले असताना. सहाव्या सामन्यात तिन्ही गोल त्याचेच. इथे हॅट्ट्रिक लिहाल तेव्हा लक्षात असू द्या, क्रिकेटसारखी ती ओळीने लागत नाही. एका सामन्यात एकाचे तीन गोल झाले की झाली. साखळीत ६९ सामन्यांत ११ गोल करणाऱ्या श्वार्ट्झने बाद फेरीत २६ सामन्यांत १२ केले.

दुसऱ्या फेरीत डॅलसविरुद्धचा सातवा सामना ७ मे रोजी दुसऱ्या जादा सत्रात गेला. बाद फेरीत जादा वेळ पाच मिनिटांचा नसतो. वीस-वीस मिनिटांची पूर्ण सत्रे, पाच-पाच खेळाडू, आणि पहिला गोल होईपर्यंत; शूटआउट नाही. डॅलसचा गोलरक्षक बेन बिशप, तोही सेंट लुईसमध्येच वाढलेला, ५२ फटके अडवून उभा होता. रॉबर्ट थॉमसचा फटका खांबाला लागला, मग बिशपला, आणि पक त्याच्या मागे पडला. मरूनने तो आत ढकलला. २-१. पक खांबावरून कुठे उडेल हे कोणाच्या हाती नसते. इथे नशीब होते आणि ते आम्ही नाकारत नाही. पण त्या रात्री ब्लूजने जाळ्यावर ५४ फटके मारले होते, डॅलसने ३०. नशिबाला इतक्या वेळा हाक मारली तर ते कधीतरी ओ देते.

पुढची फेरी सॅन होजेची, आणि तिच्याबद्दल अर्धवट लिहिले जाते. १५ मे, तिसरा सामना, सेंट लुईसमध्ये, जादा वेळ. सॅन होजेच्या टिमो मायरने हाताने पक सहकाऱ्याकडे सरकवला आणि पुढच्याच क्षणी एरिक कार्लसनने गोल केला, ५-४. नियम असा की स्वतःच्या बचाव भागात हाताने पास देता येतो, प्रतिस्पर्ध्याच्या भागात नाही. दोन पंच आणि दोन लाइनमन, चौघांच्याही नजरेतून ते सुटले. व्हिडिओ होता, पण तेव्हाच्या नियमांत या चुकीसाठी तो पाहायची सोयच नव्हती. ‘पंचांनी व्हिडिओ पाहण्यास नकार दिला’ असे लिहिणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय. २०१९-२०पासून नियम बदलला: आक्रमण भागात खेळ थांबायला हवा होता आणि थांबला नाही, त्यातून गोल झाला, तर प्रशिक्षक आव्हान देऊ शकतो. आव्हान फसले तर संघाला दोन मिनिटांची शिक्षा. ब्लूजने त्या रात्रीनंतर पुढचे तीन सामने २-१, ५-० आणि ५-१ असे घेतले.

मात्र ही बाजू लिहिताना दुसरीही लिहायला हवी. ६ जूनला अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात बोझॅकच्या पायात बोस्टनचा नोएल अचारी अडकून पडला. शिट्टी वाजली नाही, आणि त्याच चालीत पेरॉनने गोल केला. ब्लूज २-१ जिंकले. बोस्टनकरांचा राग रास्त होता. ‘न दिलेली शिक्षा’ या प्रकाराला नव्या नियमातही आव्हान नाही, म्हणून तो प्रश्न तसाच राहिला. एका मोसमात एकाच संघाने पंचांच्या चुकीची झळ सोसली आणि लाभही घेतला. दोन्ही छापले तरच वाचकाला खेळ कळतो.

अंतिम फेरीत ब्लूजच्या खांद्यावर जुने ओझेही होते. १९६७मध्ये लीगमध्ये आलेला हा संघ १९६८, ६९ आणि ७० अशा तीन अंतिम फेऱ्या सलग खेळला आणि बारापैकी बारा सामने हरला. २०१९चा पहिलाही हरला. २९ मेच्या दुसऱ्या सामन्यात कार्ल गनरसनने जादा वेळेत गोल केला तेव्हा अंतिम फेरीतला या संघाचा पहिला विजय आला, चौदाव्या सामन्यात. लगेच तिसऱ्या सामन्यात घरी २-७ असा फज्जा उडाला, कारण बोस्टनने चारपैकी चार पॉवर प्लेवर गोल केले. हा क्रिकेटचा पॉवर प्ले नव्हे. एका संघाचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसतो, बहुधा दोन मिनिटे, आणि दुसरा संघ पाचास चार खेळतो. गोल झाला की छोटी शिक्षा तिथेच संपते. चारपैकी चार हा आकडा बचावाची पूर्ण पडझड सांगतो. ब्लूजने पुढचे दोन्ही सामने जिंकले.

सातव्या सामन्यातला एक क्षण मात्र सावकाश पाहण्यासारखा आहे. खेळाडू बर्फावर साधारण चाळीस ते पंचेचाळीस सेकंद राहतो आणि खेळ चालू असतानाच बाकावर जाऊन दुसऱ्याला पाठवतो. याला शिफ्ट म्हणतात. शिफ्ट कधी संपवायची याचा एकच पक्का नियम: पक आपल्या जाळ्याच्या दिशेने येत असताना बाहेर पडायचे नाही. पहिले सत्र संपायला काही सेकंद उरले होते, ब्लूज १-० पुढे. श्वार्ट्झ पक घेऊन बोस्टनच्या भागात शिरत होता आणि नेमक्या त्याच वेळी ब्रॅड मार्शँड बदलीसाठी बाकाकडे वळला. ज्या पट्ट्यात तो असायला हवा होता तो मोकळा झाला. मागून आलेला कर्णधार अॅलेक्स पिएत्रांजेलो त्याच पट्ट्यातून आत गेला, पास घेतला, जाळ्याजवळ पोहोचला आणि बॅकहँडने पक वर उचलला. घड्याळात आठ सेकंद होते. त्या सत्रात ब्लूजचे एकूण फटके चार, बोस्टनचे बारा. चारांतले दोन आत गेले, बारांतला एकही नाही. फोरचेक, गोलरक्षक आणि प्रतिस्पर्ध्याची एक चुकलेली बदली, तिन्ही गोष्टी त्या वीस मिनिटांत एकत्र आल्या.

‘पण कोष्टकात वर असलेले संघ कुठे गेले?’ असे आपला वाचक विचारेल, त्याचेही उत्तर त्याच वर्षात आहे. टँपा बे लाइटनिंगने साखळीत ६२ सामने जिंकून १२८ गुण मिळवले, आणि पहिल्याच फेरीत कोलंबसकडून चारास चार सामने हरून बाहेर गेले. त्या वर्षी चारही विभागांचे विजेते पहिल्याच फेरीत हरले. ८२ सामन्यांचे कोष्टक लांब पल्ल्याची दमछाक मोजते. एकाच प्रतिस्पर्ध्याशी दोन आठवड्यांत सात वेळा भिडताना कोणाचा गोलरक्षक लयीत आहे आणि कोणाची पहिली फळी कोंडली गेली आहे, हे त्यात दिसत नाही.

आपल्याला कामाच्या वेळा कळवतो. अंतिम फेरीचे सामने बोस्टनच्या घड्याळाने रात्री आठला सुरू झाले की आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. जादा वेळ गेला नाही तर निकाल साधारण सव्वाआठला कळतो. छापील अंक तोवर वाचकाच्या हातात असतो. संकेतस्थळावर मात्र नऊपर्यंत नीट बातमी सहज लागू शकते. थंडीत तिकडचे घड्याळ एक तास मागे जाते, तेव्हा आपल्याकडे साडेसहा. तारीख सामना जिथे झाला तिथली द्यावी, नाहीतर १२ की १३ हा घोळ होतो.

आणि जागा चारच ओळींची असेल तर त्या चार ओळींत काय मावते, ते सातव्या सामन्यावरच करून पाहिले आहे. हवे तसे वापरा:

‘बोस्टन, १२ जून : सेंट लुईस ब्लूजने सातव्या सामन्यात बोस्टन ब्रुइन्सला ४-१ असे हरवून स्टॅनले कप प्रथमच जिंकला. पहिल्या सत्रात बोस्टनचे १२ फटके गोलरक्षक जॉर्डन बिनिंग्टनने अडवले. ब्लूजने ४ फटक्यांत २ गोल केले, रायन ओरायली (१६:४७) आणि अॅलेक्स पिएत्रांजेलो (१९:५२). तिसऱ्या सत्रात ब्रेडन शेन आणि झॅक सॅनफर्ड यांनी भर घातली. बोस्टनचा एकमेव गोल मॅट ग्रिझलिकचा. बिनिंग्टनने ३३पैकी ३२ फटके अडवले. ३ जानेवारीला ३७ सामन्यांत ३४ गुणांवर असलेल्या ब्लूजने साखळीतल्या उरलेल्या ४५ सामन्यांत ६५ गुण मिळवून बाद फेरी गाठली होती.’

कळावे,
आपले,
आइस हॉकी नियमित पाहणारे काही मराठी वाचक